बोटांच्या पेरांवरील गाठी

साठी ओलांडलेल्या कित्येक भगिनींच्या बोटांवर, नखाच्या जरा मागे, टणक गाठी आलेल्या दिसतात. ‘वात आला’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः हा हाताच्या सांध्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होय. विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्याने त्यांचे केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, व त्याचेच नाव ह्या गाठींना मिळाले.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होत जाते आणि शरीर कडेने नवे हाड घालून सांधा सावरू पाहते. तीच ही गाठ. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने आईचे हात पुढे लेकीला येतात. रजोनिवृत्तीनंतर प्रमाण वाढते. बोटे मोडल्याने मात्र हा विकार होत नसावा. डोनाल्ड उंगर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षे केवळ डाव्याच हाताची बोटे मोडून पाहिली. दोन्ही हातांत फरक आढळला नाही, असे त्यांनी १९९८ साली कळवले. एकाच माणसाचा हा दाखला, पण चिकाटी वाखाणण्याजोगी!

खरा छळ होतो तो अंगठ्याच्या मुळाशी. चिमटीत जेवढा जोर लावावा, त्याच्या सुमारे बारा पट भार ह्या सांध्यावर पडतो. म्हणूनच किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे, ओले कपडे पिळणे नकोसे होते. अशा वेळी वस्तू चिमटीत न धरता तळहातावर पेलावी, विळीची व झाऱ्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, कपडे नळाभोवती वेढून पिळावेत. अंगठ्याला आधारपट्टा बांधल्यास आराम पडतो. मात्र तो काही महिने नेमाने वापरावा लागतो. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ हलकेच उघडावी-मिटावी. हात अजिबात न हलवणे हा उपाय नव्हे.

औषधांत प्रथम वेदनाशामक मलम. गोळ्या जठर, मूत्रपिंड व हृदयाला बाधू शकतात. त्या वैद्यकीय सल्ल्यानेच व थोडे दिवस घ्याव्यात. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नयेत, असे आम्हांस वाटते. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही ते देऊ नये असेच सांगते.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात ओसरत नसेल, मनगटे वा बोटांची मुळे मऊ सुजली असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याचे औषध निराळे, आणि विलंबाने सांधे कायमचे वाकतात. तेव्हा डॉक्टरांना लवकर दाखवावे.

राहिली लग्नाची अंगठी. पेर जाड झाल्यावर ती निघत नाही, आणि अनेक भगिनी ती काढायलाही तयार नसतात. पण बोट सुजले की तीच रक्तप्रवाह अडवते. सहज निघते आहे तोवरच सोनाराकडून ती वाढवून घ्यावी. अडकलीच तर सोनार कापून पुन्हा जोडून देतो.