धर्मसंस्थेचे अंदाजपत्रक आणि तिचा सेवकवर्ग : सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे उदाहरण

धर्मसंस्था म्हटली म्हणजे तिची श्रद्धा, उपासनापद्धती आणि तत्त्वविचार ह्यांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. परंतु प्रत्येक संघटित धर्मसंस्था ही वेतन देणारी संस्थाही असते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला विसरून चालावयाचे नाही. उत्पन्न घटले की तिलाही खर्चाची छाटणी करावी लागते. आणि त्या छाटणीचा भार कोणावर पडावा, हे तिच्या श्रद्धेपेक्षा तिच्या घटनेवरच अधिक अवलंबून असते. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या इतिहासावरून हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडील बॅप्टिस्टांशी फारकत होऊन ही संस्था १८४५ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे स्थापन झाली. बॅप्टिस्ट विचारसरणीप्रमाणे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असते. तिच्यावर बिशपचा अधिकार चालत नाही. त्याचप्रमाणे वार्षिक अधिवेशनालाही तिच्यावर वर्गणी लादता येत नाही. मंडळ्या आपले प्रतिनिधी अधिवेशनास पाठवितात. ह्या प्रतिनिधींना 'मेसेंजर' म्हणतात. ते अंदाजपत्रक संमत करतात आणि विविध मंडळांचे विश्वस्त निवडतात. मंडळाच्या नोकरास नोकर म्हणून तेथे मत नसते. त्याच्या स्वतःच्या मंडळीने त्यास निवडून पाठविले, तरच ते मिळते.

अशा रचनेत अंदाजपत्रकाला आज्ञेचे नव्हे, तर अपेक्षेचे स्वरूप येते. ह्याचा पहिला मोठा प्रत्यय १९१९ नंतर आला. त्या वर्षी अटलांटा येथील अधिवेशनाने पाच वर्षांत ७ कोटी ५० लाख डॉलर जमविण्याची मोहीम आखली. आश्वासने सुमारे ९ कोटी २६ लाख डॉलरांची मिळाली आणि त्या भरवशावर संस्थांनी आपले कार्य वाढविले. तोच कापसाचे भाव कोसळले, दक्षिणेतील शेतकरी अडचणीत आला आणि प्रत्यक्ष वसुली सुमारे ५ कोटी ८६ लाखांवरच थांबली. खर्च आश्वासनाच्या मापाने वाढला होता. उत्पन्न मात्र पिकाच्या मापाने आले. ही तफावत कर्जाने भरली गेली.

त्यातून सुटण्यासाठी १९२५ साली मेम्फिस येथील अधिवेशनात 'कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम' ही सामाईक निधीची योजना स्वीकारण्यात आली. तिच्या अन्वये मंडळी आपल्या दानाचा काही हिस्सा राज्यपातळीवरील संघटनेकडे पाठविते. ती संघटना आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम मध्यवर्ती संस्थेकडे धाडते. परंतु ही योजना रुजण्यापूर्वीच, १९२८ साली, गृह मिशन मंडळाच्या खजिनदाराने ९ लाखांहून अधिक डॉलरांचा अपहार केल्याचे उघडकीस आले. पाठोपाठ महामंदी आली. नव्या नेमणुका जवळजवळ थांबल्या आणि रजेवर मायदेशी आलेल्या अनेक मिशनऱ्यांना परतीच्या खर्चाअभावी आपल्या कार्यक्षेत्री जाता येईना. १९३३ साली 'हंड्रेड थाउजंड क्लब' नावाची योजना निघाली. नित्याच्या दानाव्यतिरिक्त दरमहा एक डॉलर केवळ कर्जफेडीसाठी द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. १९४३ साली संस्था ऋणमुक्त झाली.

ह्या योजनेतील एक अंगभूत दोष मात्र कायम राहिला. निधीची वाट अनेक टप्प्यांची असल्यामुळे शेवटच्या टोकाला असलेल्या संस्थेस वरच्या प्रत्येक टप्प्यावरील निर्णयाचा परिणाम सोसावा लागतो. स्थानिक मंडळीस स्वतःच्या पाळकाचे वेतन अधिक निकडीचे वाटले, तर दूरदेशी असलेल्या मिशनऱ्याचा वाटा घटतो. आणि ह्यात कोणाचाही नियमभंग होत नाही.

२०१५ साली परदेशी मिशन मंडळावर, म्हणजेच 'इंटरनॅशनल मिशन बोर्डा'वर, हाच प्रसंग आला. २०१० पासून मंडळाने मिळालेल्या दानापेक्षा एकंदर २१ कोटी डॉलर अधिक खर्च केले होते. राखीव निधी आणि परदेशांतील स्थावर मालमत्तेची विक्री ह्यांतून ही तूट भरण्यात आली. विकावयाची मालमत्ता संपत आली, तेव्हा मनुष्यबळाकडे वळणे भाग पडले. ऑगस्ट २०१५ मध्ये अध्यक्ष डेव्हिड प्लॅट ह्यांनी योजना जाहीर केली. पन्नास वर्षांवरील आणि किमान पाच वर्षे सेवा झालेल्यांना प्रथम स्वेच्छानिवृत्ती देऊ करण्यात आली. पुढील टप्प्यात इतरांनाही सेवा सोडण्याची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०१६ पर्यंत ९८३ मिशनरी आणि मायदेशातील १४९ कर्मचारी, मिळून १,१३२ जण सेवेतून गेले. 'स्वेच्छा' हा शब्द येथे जपून वाचला पाहिजे. वीस-पंचवीस वर्षे परक्या भाषेत रुळलेल्या माणसापुढे एकीकडे निवृत्तीचा लाभ आणि दुसरीकडे पुढील अनिश्चितता असेल, तर त्याची निवड सर्वस्वी मोकळी म्हणता येत नाही. शिवाय ज्येष्ठांच्या जाण्याने गेलेले भाषाज्ञान व स्थानिक ऋणानुबंध ताळेबंदात कोठेच नोंदले जात नाहीत.

ह्यानंतरची घटना विशेष उद्बोधक आहे. चीनमधील मिशनरी लॉटी मून ह्यांच्या स्मरणार्थ मंडळासाठी दरवर्षी नाताळात खास दान गोळा केले जाते. छाटणीच्याच त्या हंगामात, २०१५-१६ मध्ये, ते १६ कोटी ५८ लाख डॉलर, म्हणजे तोवरच्या सर्व वर्षांपेक्षा अधिक, जमले. ह्यावरून छाटणी अनावश्यक होती असे अनुमान काढणे घाईचे होईल. दान हे प्रसंगाने उचंबळते. वेतन मात्र प्रतिमास द्यावे लागते. एका वर्षाच्या औदार्यावर कायमच्या नेमणुका उभारणे म्हणजे १९१९ ची चूक पुन्हा करणे होय. परंतु हेही खरे की, संकटाची जाणीव दात्यांना झाली ती सेवकांच्या जाण्याने. वर्षानुवर्षांच्या अहवालांतील आकड्यांनी ती तितकीशी झाली नव्हती.

वर्गणी ठरवून देणारी पद्धती ह्या दोषातून मुक्त असते काय? युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये मंडळ्यांचे हिस्से वरून ठरतात. तरीही २०१६ च्या महासभेने मंजूर केलेले चार वर्षांचे अंदाजपत्रक ६० कोटी ४० लाख डॉलरांचे होते, तर २०२४ साली शार्लट येथे मंजूर झालेले ३७ कोटी ३४ लाखांचे. मधल्या काळात अमेरिकेतील सुमारे एकचतुर्थांश मंडळ्या संस्थेतून बाहेर पडल्या होत्या. वर्गणी ठरविता येते. सभासदत्व सक्तीचे करता येत नाही.

तात्पर्य, ऐच्छिक दानावर चालणाऱ्या संस्थेत अनिश्चितता नाहीशी करता येत नाही; ती केवळ कोणाच्या तरी पदरी घातली जाते. दाता हात आखडता घेऊ शकतो आणि अधिवेशन नवे अंदाजपत्रक संमत करू शकते. सेवकाजवळ मात्र असा कोणताच उपाय नसतो. म्हणून अशा संस्थांचा अभ्यास करताना अधिवेशनाचे ठराव तपासावेतच. परंतु त्यांबरोबर राखीव निधी, रिक्त पदे आणि सेवानिवृत्तांची यादीही तपासावी. ठरावांत संस्थेचे ध्येय दिसते. ते गाठण्याचा भार कोणी वाहिला, हे ह्या नोंदींवरून कळते.