टॅम डीएल

सर टॉमस डीएल ऊर्फ टॅम डीएल (जन्म : ९ ऑगस्ट १९३२, एडिंबरा, मृत्यू : २६ जानेवारी २०१७) हे मजूर पक्षाचे स्कॉटिश राजकारणी होते. १९६२ ते २००५ अशी जवळजवळ ४३ वर्षे ते ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य होते. अखेरची चार वर्षे, सर्वाधिक काळ अखंड सदस्य राहिलेले खासदार म्हणून, ‘फादर ऑफ द हाउस’ हा मान त्यांच्याकडे होता. या दीर्घ कारकिर्दीत त्यांना एकदाही मंत्रिपद मिळाले नाही. त्यांची ओळख राहिली ती त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे.

पूर्वायुष्य

डीएल यांचे बालपण लिनलिथगोजवळील ‘द बिन्स’ या वडिलोपार्जित वाड्यात गेले. शिक्षण ईटन आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. सक्तीच्या लष्करी सेवेत अधिकारीपदाच्या प्रशिक्षणात ते अपयशी ठरले आणि त्यांनी साध्या शिपायाची नोकरी केली. विशेष म्हणजे ती ज्या रॉयल स्कॉट्स ग्रेज पलटणीत केली, ती त्यांच्याच एका पूर्वजाने सतराव्या शतकात उभारली होती. केंब्रिजमध्ये ते विद्यापीठातील हुजूर पक्षीय संघटनेचे अध्यक्ष होते. परंतु १९५६च्या सुएझ संकटानंतर त्यांनी मजूर पक्षात प्रवेश केला. काही काळ त्यांनी शाळेत अध्यापन केले. आईकडून बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब त्यांच्याकडे आला, पण तो त्यांनी व्यवहारात वापरला नाही.

संसदेत प्रवेश

जून १९६२मध्ये वेस्ट लोदियनच्या पोटनिवडणुकीत त्यांनी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे विल्यम वुल्फ यांचा पराभव केला. पुढे ते मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांचे संसदीय खासगी सचिव झाले. १९६८मध्ये पोर्टन डाउन येथील जैविक युद्धसंशोधनाविषयीच्या संसदीय समितीच्या कामकाजाचा मजकूर वृत्तपत्राला दिल्याबद्दल त्यांना सभागृहासमोर उभे राहून सभापतींची ताकीद ऐकावी लागली. सत्तेच्या पायऱ्या चढण्याची शक्यता त्यानंतर फारशी उरली नाही. विज्ञान हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात त्यांनी अनेक दशके सदरलेखन केले.

वेस्ट लोदियन प्रश्न

१९७०च्या दशकात मजूर सरकारने स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याचे ठरवले. सरकार स्वपक्षाचे असूनही डीएल यांनी त्यास कडवा विरोध केला. १४ नोव्हेंबर १९७७ रोजी त्यांनी सभागृहाला विचारले, की स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडचे किमान ११९ सदस्य इंग्लंडच्या कारभारावर निर्णायक मत देणार आणि आपल्याच प्रदेशातील त्याच विषयांवर मात्र त्यांना बोलता येणार नाही, हे इंग्लंडचे मतदार किती काळ सहन करतील? ते दाखला देत तो ब्लॅकबर्न नावाच्या दोन गावांचा. लँकशरमधील ब्लॅकबर्नच्या शाळांबाबत आपण मत देऊ शकू, पण आपल्याच मतदारसंघातील ब्लॅकबर्नच्या शाळांबाबत नाही, असे ते म्हणत. या कोड्याला ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ हे नाव इनॉक पॉवेल यांनी दिले.

प्रश्न अगदी नवा नव्हता. १८८६मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक आणताना ग्लॅडस्टन यांच्यापुढेही तो उभा राहिला होता. १९७९च्या सार्वमतात स्कॉटलंडमधील ५१.६ टक्के मते बाजूने पडली; तथापि एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांच्या पाठिंब्याची अट पूर्ण न झाल्याने योजना बारगळली. १९९७च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी कौल दिला आणि १९९९मध्ये स्कॉटिश संसद अस्तित्वात आली. जानेवारी २००४मध्ये इंग्लंडमधील विद्यापीठांच्या शुल्कवाढीचे विधेयक अवघ्या पाच मतांनी पुढे सरकले, तेही स्कॉटिश खासदारांच्या बळावर. डीएल यांचे कोडे तोवर केवळ तात्त्विक राहिले नव्हते.

बेलग्रानो प्रकरण

फॉकलंड युद्धाला विरोध केल्यामुळे १९८२मध्ये पक्षनेते मायकेल फूट यांनी त्यांना विज्ञानविषयक प्रवक्तेपदावरून दूर केले. त्याच वर्षी २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली. ३२३ जणांचा मृत्यू झाला. नौका घोषित निषिद्ध क्षेत्राबाहेर होती आणि बेटांपासून दूर जात होती, ही माहिती हळूहळू उघड झाली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी सभागृहाची दिशाभूल केली, असा आरोप डीएल यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. थॅचर यांना खोटारडे म्हटल्यामुळे ते निलंबितही झाले. १९८४मध्ये संरक्षण खात्यातील अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी त्यांना दोन कागदपत्रे पाठवली. पाँटिंग यांच्यावर शासकीय गुपिते कायद्याखाली खटला चालला, पण फेब्रुवारी १९८५मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. डीएल यांच्या आरोपांचा सर्व भाग मात्र टिकला नाही: नौकेचे कप्तान एक्तोर बोन्झो यांनीच पुढे हा हल्ला युद्धगुन्हा नसल्याचे सांगितले. सरकारने आधी दिलेली माहिती चुकीची होती, हा मुद्दा तेवढा कायम राहिला.

उत्तरकाळ

१९८३च्या पुनर्रचनेनंतर डीएल लिनलिथगोमधून निवडून येत. लॉकर्बी विमानस्फोटाच्या तपासाविषयी ते सातत्याने शंका उपस्थित करत. १९९१ व २००३ या दोन्ही इराक युद्धांना त्यांनी विरोध केला. दुसऱ्या वेळी पंतप्रधान टोनी ब्लेअर त्यांच्याच पक्षाचे होते. २००५मध्ये ते निवृत्त झाले आणि २०११मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

केवळ इंग्लंडला लागू असणाऱ्या विधेयकांवर तेथील खासदारांना नकाराधिकार देणारा नियम २०१५मध्ये सभागृहाने केला. जुलै २०२१मध्ये तो रद्द झाला.