फर्मवेअरला कॉल जातो तेव्हा पेज टेबल कोणाचे?

आजच्या बहुतेक पीसींमध्ये यूईएफआय मानकाचे फर्मवेअर असते. ते आधी जागे होते आणि मग लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार देते. त्यानंतर या दोघांचे नेमके काय नाते उरते, याबद्दल जाणकारांतही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : लिनक्स सुरू झाले की फर्मवेअरचे काम संपले.

वस्तुस्थिती : संपतात त्या फक्त बूट सेवा. रनटाइम सेवा मेमरीत कायम राहतात. तुम्ही बूटचा क्रम बदलायची आज्ञा दिलीत, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तो बदल स्वतः लिहीत नाही, फर्मवेअरच्या ‘सेटव्हेरिएबल’ या रनटाइम सेवेला कॉल करतो.

गैरसमज २ : फर्मवेअर थेट मेमरीच्या खऱ्या पत्त्यांवर चालते, त्याला पेज टेबल लागत नाही.

वस्तुस्थिती : एक्स८६ प्रोसेसरच्या ६४ बिट मोडमध्ये पेजिंग चालूच असते, म्हणजे प्रत्येक आभासी पत्ता पेज टेबल या सारणीतून खऱ्या पत्त्यात बदलला जातो. त्यामुळे फर्मवेअरचा प्रत्येक पत्ता ऑपरेटिंग सिस्टिमने मांडलेल्या पेज टेबलमधूनच जातो. रनटाइम सेवांचे भाग कोणत्या आभासी पत्त्यांवर ठेवलेत, हे कर्नल फर्मवेअरला कळवतो; पण तशी मुभा एका बूटमध्ये एकदाच असते. केएक्झेक या सोयीने रीबूट न करता दुसरा कर्नल चढवला, तर त्यालाही तेच पत्ते पाळावे लागतात. म्हणून २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून लिनक्सने या कामासाठी ६४ जीबीचा ठरावीक पत्तापट्टा राखून ठेवला.

गैरसमज ३ : कर्नलचे नेहमीचे पेज टेबल वापरले तरी चालते.

वस्तुस्थिती : तसे केले तर फर्मवेअरच्या नोंदी सदासर्वकाळ उघड्या राहतात आणि हल्लेखोराला आयती वाट मिळते. म्हणून २०१६ मध्ये लिनक्सने फर्मवेअरसाठी वेगळे पेज टेबल बांधले. कॉलच्या आधी प्रोसेसरच्या सीआर३ रजिस्टरमध्ये त्याचा पत्ता भरायचा, सेवा चालवायची आणि परतताच जुना पत्ता पुन्हा भरायचा. तेवढ्या वेळात चालू प्रोग्रामची मेमरी दिसत नाही. म्हणूनच हे कॉल पुढे कोणत्याही प्रोग्रामशी न जोडलेल्या स्वतंत्र कर्नल थ्रेडकडे सोपवले गेले.

गैरसमज ४ : वेगळे टेबल म्हणजे फर्मवेअर कोंडले गेले.

वस्तुस्थिती : नाही. फर्मवेअर कर्नलच्याच अधिकाराने चालते आणि कर्नलचा भागही त्या टेबलमध्ये असतो. दुष्ट फर्मवेअरला हे टेबल रोखू शकत नाही. सदोष फर्मवेअरची चूक मात्र त्यामुळे पकडता येते. नोंद नसलेल्या पत्त्याला हात लागला की पेज फॉल्ट होतो. मग कर्नल लॉगमध्ये फर्मवेअरचा दोष नोंदवतो, कॉल चालवणारा थ्रेड गोठवतो आणि पुढच्या बूटपर्यंत रनटाइम सेवा बंद ठेवतो. बाकी मशीन चालू राहते.

लॉगमध्ये अशी नोंद दिसली तर कर्नलला बोल लावू नका. मदरबोर्डच्या उत्पादकाने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली आहे का ते पाहा आणि तो दोष त्यांना कळवा.