पोराला कोठे टाकावे?

दहावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात मुकुटबनला आमच्याकडे माणसांची जी रीघ लागते, ती पगारवाढीच्या बोलण्याच्या वेळीही लागत नाही. प्रश्न बहुधा एकच असतो: "भाऊ, पोराले आता कुठं टाकू जी?" या 'टाकू' शब्दाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. पोते गाडीत टाकावे तसा मुलगा कोठेतरी टाकावयाचा, एवढीच कल्पना त्यात आहे. आणि मुलीविषयी तर हा प्रश्न दहांतून दोघेही विचारीत नाहीत.

आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रपाळीच्या फावल्या वेळात आणि युनियनच्या कचेरीतील कपाटाच्या आधाराने. तेव्हा शाळेतील मार्गदर्शन या विषयावर आम्ही बोलावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु चुकीच्या मार्गदर्शनाचा, किंबहुना मार्गदर्शनच नसण्याचा माल शेवटी कारखान्याच्या फाटकावर उतरतो आणि तेथे तो आम्हांस भेटतो, एवढा अधिकार आम्ही सांगतो.

या विषयाचा उगम अमेरिकेतला. 1908 साली बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्याचे म्हणणे साधे होते: मुलाने स्वतःला ओळखावे, कामांची माहिती करून घ्यावी आणि मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. आपल्याकडे 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून असे मार्गदर्शन असावे अशी शिफारस केली. 1964-66 च्या कोठारी आयोगानेही तेच सांगितले. पुढे 2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली. तीत कृषी, कला, वाणिज्य, ललितकला, आरोग्य, तंत्र आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. ती काही वर्षे चालली.

चाचणी वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. मात्र पार्सन्सच्या तीन गोष्टींपैकी मधली गोष्ट तीत गळाली. अमुक काम आवडते काय, असे मुलाला विचारावयाचे. पण ते काम त्याने पाहिलेले तरी पाहिजे ना? झरी जामणी तालुक्यातील कोलाम पोडावरचे मूल घ्या. त्याच्या घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी, आणि पैनगंगेपलीकडच्या पाहुण्यांशी तेलुगू. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची हजेरी शाळेपेक्षा शेतात जास्त. त्याने पाहिलेले धंदे म्हणजे शेती, दुकान, शिक्षक, तलाठी आणि पोलीस. मग त्याची आवड या पाचांतच फिरते. त्याला आपण 'कल' म्हणतो! आवड ही ओळखीनंतरची गोष्ट आहे.

ओळख करून देणे येथे अवघड आहे काय? मुकुटबनला 2022 पासून सिमेंटचा मोठा कारखाना चालू आहे. त्याची क्षमता वर्षाला 39 लाख टनांची. वणीच्या बाजूस कोळशाच्या खाणी आहेत. बापाला कारखाना म्हटला की गोणी उचलणारे हात दिसतात. परंतु चुनखडी फोडण्यापासून पोते भरण्यापर्यंत कितीतरी निरनिराळे कसब तेथे लागते. भट्टीत माल सुमारे 1450 अंश तापतो, आणि तो ताप सांभाळणारा मनुष्य भट्टीजवळ नसून नियंत्रण-कक्षात पडद्यासमोर बसलेला असतो. फिटर आहे, इलेक्ट्रिशियन आहे, मालाची तासातासाला परीक्षा करणारा रसायनज्ञ आहे. हे मुलाने नववीतच एकदा डोळ्यांनी पाहावे. मुलींनीही पाहावे. खाणीतील भूमिगत कामास स्त्रियांना पूर्वी कायद्याने मज्जाव होता. 2019 साली तांत्रिक व देखरेखीच्या कामांपुरता, दिवसपाळीत आणि त्यांच्या संमतीने, तो उठला. ही बातमी शाळेपर्यंत कितपत पोचली, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःशी तपासावे.

दुसरी एक समजूत फार नुकसान करते. आयटीआयला गेला तो संपला, असे सुशिक्षित पालकही म्हणतात. वस्तुतः दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर वा इलेक्ट्रिशियनचा क्रम पुरा केलेल्या मुलास तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, आणि पदविका मिळाल्यावर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. वाट लांब आहे खरी. पण वाटेत प्रत्येक टप्प्यावर हाताला काम आहे. उलट गुण बरे पडले म्हणून विज्ञान शाखेत टाकलेला, बारावीला गचकलेला आणि मग ठेक्यावर गोणी मोजणारा मुलगा आम्ही एक नव्हे, अनेक पाहिले आहेत.

आता जीवनकौशल्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने अशी दहा कौशल्ये सांगितली आहेत: निर्णय घेणे, चिकित्सक विचार, संवाद, भावनांवर ताबा, इत्यादी. ती उत्तमच आहेत. पण आम्हांस ती एका कागदावरून समजली. आम्ही सतरा वर्षांचे असताना एका ठेकेदाराकडे कामास लागलो. पहिल्याच दिवशी मुकादमाने चार कागदांवर सह्या मागितल्या. त्यांतील दोन कोरे होते. आम्हांला वाचता येत होते, लाज मात्र वाटली, की मागे रांग उभी असता आपण वाचत कसे बसावे! सही केली. सात वर्षांनी काम सुटले तेव्हा भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबात आमची नोकरी अवघी दोन वर्षांची निघाली. बाकीची पाच कोठे गेली ते त्या कोऱ्या कागदांनाच ठाऊक. "साहेब, वाचून सही करतो" हे चार शब्द तेव्हा तोंडातून निघाले नाहीत. त्या दहांतील निर्णय, संवाद आणि धीर ही सगळी कौशल्ये आमच्या मते या चार शब्दांत होती.

म्हणून दहावीच्या वर्गात एक तास पगारचिठ्ठी वाचण्याचा असावा. मूळ पगार किती, निधीची कपात किती, मालकाने आपला हिस्सा भरला की नाही हे कोठे पाहावयाचे, इतके आले तरी पुष्कळ. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांप्रमाणे कामगारास नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागावयाचे असते हे मुलाला माहीत हवे. तसेच शिकाऊ उमेदवारीचे. 1961 च्या कायद्याने तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण त्याच कायद्याचे 18 वे कलम म्हणते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. त्याचा करार नोंदलेला असला पाहिजे आणि मुदत संपताच त्याच्या हातात प्रमाणपत्र पडले पाहिजे. नाहीतर शिकण्याच्या नावाखाली स्वस्त मजुरीच होते. युनियनवाल्याने हे सांगितले की प्रचार वाटतो. मग गणिताच्या शिक्षकांनी सांगावे, आमची हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक बाप आपल्या मुलास घेऊन आला. बापाचा आग्रह फिटरचा. मुलगा गप्प. त्याला बाहेर नेऊन विचारले तेव्हा कळले, की घरच्या शेतपंपाची मोटर तो स्वतः दुरुस्त करतो, पण बापाला ते माहीत नाही. तो गावातल्या मिस्त्रीस पैसे दिल्याचे सांगून ते पैसे वह्यांना लावतो. आम्ही हसलो नाही. अर्ज इलेक्ट्रिशियनचा भरावयाचा ठरला. बापाची समजूत घालण्यास दोन कप चहा लागला. सहीची वेळ आली तेव्हा मुलाने अर्ज दोनदा वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय आहे, काका?" आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. मग तो कागद घेऊन आम्ही दोघे आयटीआयच्या कचेरीत विचारावयास गेलो.