वालुकागिरी आणि वाहनाचे चाक : टायरच्या निवडीमागील तत्त्वे

चिखलात वा खडबडीत रानवाटेवर ज्या टायरची नक्षी खोल, तो टायर चांगला, असा सर्वसाधारण अनुभव आहे. हाच अनुभव वाळूस लागू करून खोल उंचवट्यांचे टायर घेऊन वालुकागिरीवर गेलेले वाहन मात्र थोड्याच वेळात आसापर्यंत रुतून बसते. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागातील इंपीरिअल वालुकागिरींच्या प्रदेशात चार चाकांची लहान, उघडी वाहने फार मोठ्या संख्येने चालविली जातात. इंग्रजीत ‘ए. टी. व्ही.’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहनांसाठी वाळूचे स्वतंत्र टायर प्रचारात आले आहेत. या टायरांची रचना अशी का, आणि त्यांतून निवड कोणत्या तत्त्वावर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम वाळूचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. चिकण मातीचे कण परस्परांस चिकटून राहतात. कोरड्या वाळूच्या कणांत ही शक्ती जवळजवळ नसते. वाळूचा थर सरकण्यास जो विरोध करतो, तो केवळ कणांमधील घर्षणाचा, आणि म्हणून वरून पडणाऱ्या दाबाच्या प्रमाणात असतो. उंचवट्यांचा टायर अशा वाळूवर वेगाने फिरू लागला म्हणजे त्यास पकड मिळत नाही. तो आपल्याच खालची वाळू उपसून मागे टाकतो व स्वतःसाठी खड्डा खणतो. एंजिनाची शक्ती वाढवावी तो खड्डा अधिकच खोल होतो.

सर्व वाळू सारखी नसते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लिबियाच्या वाळवंटात मोटारींतून दीर्घ प्रवास केलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या भेदाची मीमांसा केली. वाऱ्याच्या समोरील उतारावर कण एकेक येऊन आपटतात व घट्ट बसतात. तो पृष्ठभाग बराच भार सहन करतो. माथ्यापलीकडील आडोशाच्या बाजूस मात्र वाळू घसरून पडलेली असते. तिची मांडणी सैल असते आणि चाक तीत सहज रुतते. बॅग्नोल्ड व त्यांचे सहकारी टायरांतील हवा कमी करून मऊ वाळू ओलांडीत असत. त्या उपायाचे मर्म पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

वाहन ४०० पौंडांचे व चालक १६० पौंडांचा धरल्यास एकूण भार ५६० पौंड होतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस इंचास २० पौंड असेल, तर हा भार पेलण्यास स्थूलमानाने २८ चौरस इंच, म्हणजे प्रत्येक चाकाखाली ७ चौरस इंच क्षेत्र पुरते. दाब ५ पौंडांवर आणला की तेच क्षेत्र प्रत्येक चाकास २८ चौरस इंच होते. टायरच्या भिंतीच्या ताठरपणामुळे प्रत्यक्ष आकडे काहीसे वेगळे येतील. पण तत्त्व बदलत नाही. उंटाचा रुंद व मऊ तळवा हेच कार्य करतो. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत विक्रीस आणलेल्या तीन चाकांच्या वाहनास फुग्यासारखे, अल्प दाबाचे टायर होते, तेही याच कारणाने. हवा कमी केल्याने टायरचा जमिनीस टेकलेला भाग मुख्यत्वे लांबीत वाढतो, हा आणखी एक लाभ होय. नुसते रुंद चाक अधिक वाळू समोर लोटीत जाते. लांबट ठसा तितकाच भार कमी विरोधाने वाहून नेतो. तथापि दाब अतिशय उतरविल्यास वळणावर टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो. त्यास निर्मात्याने घालून दिलेली मर्यादा पाळणे हाच उपाय.

भार पेलण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला, तरी पुढे रेटण्याचा प्रश्न उरतो. त्यासाठी मागील, म्हणजे एंजिनाने फिरणाऱ्या चाकांच्या टायरवर नक्षीऐवजी वल्ह्यासारखी आडवी पाती बसविलेली असतात. नावेचे वल्हे पाणी मागे लोटते, तसे हे पाते वाळू मागे लोटते, व तिच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते. मोकळ्या वाळूचा हा प्रतिकार केवळ तिच्या वजनातून येतो असे धरल्यास तो पात्याच्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाऊण इंचाचे पाते दीड इंचाचे केले तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. चाकावरील भार जमेस धरला म्हणजे हे प्रमाण काहीसे कमी होते. परंतु थोड्या उंचीने मोठा फरक पडतो, हा निष्कर्ष कायम राहतो.

यावरून जितकी पाती अधिक व उंच तितके बरे, असे मानणे चुकीचे ठरेल. रेटा वाढतो तसा एंजिनावरील बोजाही वाढतो. लहान एंजिनास उंच पात्यांचा जड टायर जोडल्यास चाकास आवश्यक वेग येत नाही व वाहन चढावर दमते. शिवाय दोन पात्यांमधील अंतर फार कमी असेल, तर मागच्या पात्यास न ढवळलेली वाळू मिळत नाही. दोन्ही पाती एकच वाळू ढकलतात आणि टायर गुळगुळीत पिंपासारखा वागू लागतो. यास्तव अल्पशक्तीच्या वाहनास थोडी व बेताच्या उंचीची पाती, व समर्थ एंजिनास अधिक पाती, हा क्रम योग्य होय. पावसानंतर ओलसर वाळूत कणांमधील पाण्यामुळे तात्पुरता चिकटपणा येतो. तेव्हा तीच पाती एंजिनास अधिक जड जातात.

पुढील चाकांचे काम निराळे आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनात त्यांनी तरंगावे आणि दिशा द्यावी, एवढीच अपेक्षा असते. म्हणून पुढचा टायर बहुधा गुळगुळीत असून त्याच्या परिघावर एक वा दोन उभ्या कडा असतात; त्या वाळूत शिरून आडव्या घसरणीस विरोध करतात. चारही चाके एंजिनाने फिरत असतील, तर पुढील व मागील टायरांचा व्यास निर्मात्याने ठरविलेल्या प्रमाणातच ठेवणे आवश्यक असते. अन्यथा दंतचक्रांवर अकारण ताण पडतो. हे टायर कठीण रस्त्यासाठी नव्हेत, हे सांगणे नलगे. तेथे पाती झिजतात, तुटतात, आणि सुकाणूचा ताबा कमी होतो.

शेवटी, कोणत्याही टायरने ओलांडता न येणारी एक मर्यादा आहे. आडोशाच्या बाजूचा सैल उतार सुमारे ३२ ते ३४ अंशांचा असतो. कोरडी वाळू ज्याहून अधिक तीव्र उतारावर टिकत नाही, तोच हा कोन. अशा उतारावर वाहनास खाली ओढणारे बल आणि त्याच्या भाराखालील वाळूचा घर्षणविरोध ही जवळजवळ समान होतात. वर चढण्यास शिल्लक काही उरत नाही. जे वाहन असा उतार चढून जाते, ते मुख्यत्वे पायथ्याशी मिळविलेल्या वेगाच्या बळावर. वेग संपत आल्यावर एंजिन अधिक फिरविल्यास चाके रुततात, आणि वाहन आडवे होऊन चालकासह उलटण्याचा संभव निर्माण होतो. गती पूर्ण थांबण्यापूर्वीच वळून उतारास लागावे, हा अनुभवी चालकांचा परिपाठ या गणिताशी तंतोतंत जुळतो.

तात्पर्य, टायरची निवड ही नक्षीची निवड नसून भार, एंजिनाची शक्ती आणि वाळूची स्थिती या तीन गोष्टींचा मेळ घालणे होय. हा मेळ साधला तर वाळू वाहनास पेलते व वाटही देते. पण तिच्या विरामकोनापुढे उत्तम टायरचेही काही चालत नाही.