पिकअपला मोठी डिझेल टाकी बसवताय? आधी पत्रा बघा



टोमॅटोच्या गाड्या वाशीला सुरू झाल्या की गॅरेजवर एकच मागणी असते, "ही टाकी काढ, नव्वद लिटरची बसव." बसवा, पण आधी हिशोब करा. पिंपळगाव बसवंत ते वाशी जाऊन-येऊन साधारण ४०० किलोमीटर. भरलेली गाडी १२ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर ३३-३४ लिटर लागतं. एवढं मूळ टाकीत मावतं. सुरत, हैदराबादला माल नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आणि ४० लिटर डिझेल जादा घेतलं म्हणजे ३३ किलो वजन वाढलं, दीड क्रेट टोमॅटो समजा.

*खरा घोटाळा पत्र्यात आहे.* आपल्या एका सभासदाची गाडी कसारा घाटात चढावर दम सोडायला लागली. फिल्टर बदलला, आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी टाकी उतरवली तर ती जीआय पत्र्याची निघाली. फॅब्रिकेशनवाल्याने स्वस्त पडतो म्हणून वापरलेला. या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त आणि डिझेलचं जमत नाही, त्यातून साबणासारखा चिकट गाळ होतो. तो आधी फिल्टर धरतो, मग इंजेक्टर. इंजेक्टरचं बिल आलं की टाकीत वाचवलेले पैसे आठवतात.

ओळखायचं कसं? जीआय पत्रा पांढुरका चकचकीत असतो, त्यावर बऱ्याचदा फुलं-फुलं दिसतात. पत्रा साधा लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा घ्या.

टाकीच्या आत आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर वळणावर डिझेल हिंदकळतं. झाकणाला किंवा वेगळ्या नळीने हवा आत यायची सोय हवी. रिटर्नची नळी विसरू नका. जुना फ्लोट नव्या टाकीच्या उंचीला जुळला नाही तर काटा खोटं सांगतो, आणि मग रात्री रस्त्यात उभं राहायची वेळ येते. टाकी सायलेन्सरपासून लांब, चासीच्या खाली न लोंबणारी. गळती बघायला आत पाणी भरू नका. थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा.

⚠️ *जुन्या टाकीला वेल्डिंग मारून ती वाढवायच्या भानगडीत पडू नका.* "रिकामीच आहे की" असं म्हणतात, पण आत राहिलेलं डिझेल तापलं की त्याची वाफ होते, आणि ती वाफच भडकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सांगितलं तर क्लेम अडकू शकतो.

ज्यांनी आधीच जीआय टाकी बसवली आहे, त्यांनी या हप्त्यात फिल्टर उघडून बघा. पांढरट चिकट थर दिसला तर फोटो याच नंबरवर टाका.