दोन्ही खाली आल्याशिवाय नाही

अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन १९७८ साली स्थापन झाली. नोंदणीची मुख्य कसोटी उंचीची होती: आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजून ३४ इंचांपर्यंत. बुटक्या, देखण्या नराला पैदाशीसाठी राखायचा मोह तेव्हापासूनचा. खरं तर बहुतेक नर खच्ची झालेलेच बरे. तरच त्यांना कळपात, मुलाबाळांत सुखाने राहता येतं.

पण कधी करायचं? मोठ्या घोड्यांच्या शिंगरांत दोन्ही वृषणं जन्माच्या आसपासच अंडकोशात उतरतात. मिनिएचरमध्ये एखादं जांघेतच रेंगाळतं आणि शिंगरू दोन-तीन वर्षांचं झाल्यावर आपसूक खाली येऊ शकतं. मोठ्या घोड्यांचं वेळापत्रक इथे लागू पडत नाही.

तपासणी बोटांचीच. शिंगराचं डोकं धरायला ओळखीचा माणूस हवा. पशुवैद्य गुडघ्यावर बसून पोटावरून हळूहळू हात मागे नेतात. हात गार असला किंवा शिंगरू बिचकलं, की स्नायू आखडतो आणि खाली आलेलं वृषणही वर ओढलं जातं. म्हणून गुंगीचं इंजेक्शन देऊन पुन्हा चाचपायचं. करवंदाएवढा गोळा लागला तरी लगेच हुरळून जायचं नाही. जांघेतली चरबी, लसिकाग्रंथी किंवा वृषणाला लागून असलेल्या नलिकेचं टोकही बोटांना तसंच लागतं.

सर्वांत वाईट म्हणजे अर्धवट काम. हाताला लागलेलं एक काढलं आणि दुसरं आत राहिलं, तर आतलं वृषण शुक्राणू बनवत नसलं तरी टेस्टोस्टेरॉन बनवत राहतं. असा घोडा खच्ची म्हणून विकला जातो आणि नव्या घरी माद्यांमागे धावतो, चावतो. कागदपत्रं हरवलेली असली तर दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. म्हणूनच लपलेलं वृषण आधी शोधून काढावं, खालचं नंतर, असं शिकवतात.

२००८च्या मंदीनंतर नकोशा घोड्यांचा प्रश्न चिघळला. २०१०मध्ये अमेरिकेत ‘ऑपरेशन गेल्डिंग’ ही मोहीम सुरू झाली आणि स्वस्तात खच्चीकरणाच्या शिबिरांना मदत मिळू लागली. अशा शिबिरांत दोन्ही वृषणं उतरलेली असण्याची अट सहसा असते. ती मला योग्यच वाटते. रांगेतल्या घाईत पोटातलं वृषण शोधता येत नाही.

दरम्यान दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळली, रक्तचाचण्याही सुधारल्या. इस्ट्रोन सल्फेटची चाचणी तीन वर्षांखालच्या घोड्यांत भरवशाची नसते. अँटी-मुलेरियन हार्मोनच्या चाचणीने ती अडचण बरीच दूर केली. आता ‘आत काही उरलंय का’ याचं उत्तर रक्ताच्या नमुन्यातून मिळू शकतं.

वृषण उतरेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर वर्षाच्या शिंगरालाही माद्यांपासून वेगळ्या कुंपणात ठेवावं लागतं. त्या वयातही त्याच्यापासून गाभ राहू शकतो. तीन वर्षांनंतरही वृषण उतरलं नाही, तर मात्र आणखी वाट न पाहता सुसज्ज रुग्णालय गाठावं. भूल द्यायची म्हणून या जिवाला फार काळ उपाशी ठेवू नये, कारण उपासाने त्याच्या रक्तातली चरबी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.